घशापासून ओठांपर्यंत

सोलापुरात एकाच ग्रंथाचं नाव तीन तऱ्हांनी ऐकू येतं. मराठी माणूस 'कुराण' म्हणतो, शेवटचा ण चांगला ठसठशीत. विजापूर वेशीतल्या दखनी बोलणाऱ्या घरात एखादी आजी 'खुरान' म्हणते. आणि शाळेच्या आधी, कुराण वाचायला शिकवणाऱ्या मकतबात येऊन बसलेल्या मुलाकडून उस्ताद जे वदवून घेतात, ते या दोन्हींहून वेगळं असतं. पडजिभेपाशी फुटणारा क़, त्याला लागून आखूड उ, मग र, आणि र संपल्यावर घसा क्षणभर बंद करून मोकळा सोडलेला लांब आ. 'क़ुर्' आणि 'आन' यांच्यामधली ती खाच दाखवायला देवनागरीत अक्षर नाही. अरबीत आहे, त्याचं नाव हमज़ा.

नुसत्या नावातच अवघड जागा दोन. आत सूरा, म्हणजे अध्याय, 114 आणि आयती, म्हणजे वचनं, सहा हजारांहून जास्त. त्यातलं प्रत्येक अक्षर कुठून उचलायचं, जाड ठेवायचं की पातळ, किती वेळ लांबवायचं, शेजारी कोण आलं की कसं वळवायचं, हे सगळं ठरलेलं आहे. या ठरलेल्या गोष्टींचं शास्त्र म्हणजे तजवीद. सोलापूर शहरात साधारण पाचवा हिस्सा वस्ती मुसलमानांची आहे, तेव्हा हे शास्त्र इथे गल्लोगल्ली शिकवलं जातं. रेहलवर, म्हणजे लाकडी घडवंचीवर, कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक) उघडा ठेवून मुलं पुढेमागे डुलत अक्षरं घोकतात. बाहेरून जाणाऱ्याला तो नुसता गलका वाटतो. त्या गलक्याची मांडणी आपल्याला पहिलीपासून पाठ आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आठव्या शतकात बसऱ्यात खलील इब्न अहमद नावाचा एक विलक्षण माणूस होऊन गेला. अरबी छंदशास्त्र मांडलं ते त्यानेच. अरबीचा पहिला मोठा कोश रचायला तो बसला, तेव्हा अलिफ-बा-ता हा रुळलेला क्रम त्याला पटेना. क्रमाला काही कारण हवं. मग त्याने अक्षरं 'चाखली'. जुन्या नोंदींत त्याच्या या उद्योगाला खरोखरच चाखणं म्हटलेलं आहे. तोंड उघडून अ म्हणायचं आणि पुढे ते अक्षर नुसतं टेकवायचं, स्वर न जोडता. अब्. अत्. अघ्. आवाज जिथे अडतो, ती त्या अक्षराची जागा. वाचकाने इथे थांबून करून पाहावं, लाजायचं काही कारण नाही. अप् म्हटलं की ओठ मिटतात, अत् म्हटलं की जीभ दातांमागे जाऊन थटते, अक् म्हटलं की तिचा मागचा भाग उचलून टाळूला लागतो. आपण आयुष्यभर हे करत आलो आणि एकदाही पाहिलं नाही! मकतबात अक्षराची जागा शोधायची रीत आजही हीच आहे.

चाखून झाल्यावर खलीलने कोशाची सुरुवात घशात खोलवर उमटणाऱ्या ऐन या अक्षराने केली आणि तिथून ओठांकडे येत गेला. कोशाचं नावही त्यावरूनच पडलं, 'किताब अल-ऐन'.

आता आपली वर्णमाला आठवा. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दातांचा, प-वर्ग ओठांचा. घशापासून ओठांपर्यंत, तीच वाट. वेदांच्या उच्चारांसाठी रचलेल्या प्रातिशाख्यांनी आणि शिक्षाग्रंथांनी ती खलीलच्या कितीतरी शतकं आधी पायाखाली घातली होती. बसऱ्याच्या कोशकाराच्या कानावर भारतातली ही विद्या गेली होती का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे, पण पक्का पुरावा कुणाच्या हाती लागलेला नाही. मला त्या पुराव्याची फारशी चणचण वाटत नाही. दोन्हीकडे तोंडपाठ करून जपलेला ग्रंथ होता, दोन्हीकडे उच्चार बिघडण्याची धास्ती होती, आणि तपासायला तोंड तर सगळीकडे सारखंच.

खलीलचा शिष्य सीबवैह. हा मूळचा इराणी, अरबी शिकून आलेला, आणि अरबीचं पहिलं मोठं व्याकरण लिहिलं ते याने. त्याने अक्षरांच्या जागा मोजल्या त्या 16. या जागेला तजवीदमध्ये मख़रज म्हणतात, अनेकवचनी मख़ारिज. पुढे इब्न अल-जज़री (1350–1429) या दमास्कसच्या पंडिताने 17 हा आकडा रूढ केला आणि सगळे नियम शंभराहून थोड्या अधिक ओळींच्या पद्यात बसवले. आज काहिरात, इस्तंबूलमध्ये आणि आपल्याकडच्या मदरशांत ते पद्य पाठ करतात. त्याच्या हिशोबात तोंडाची आणि घशाची पोकळी ही लांब स्वरांची जागा, घशात तीन जागा, जिभेवर दहा, ओठांवर दोन आणि एक नाकाच्या मुळाशी.

घशातल्या तीन जागा म्हणजे मराठी माणसाला नवा मुलूख. सगळ्यांत तळाला हमज़ा आणि आपला साधा ह. मध्ये ऐन आणि दुसरा एक ह, आरशावर फुंकर मारताना येतो तसा, पण घसा आवळून काढलेला. वर तोंडाशी ख़ आणि ग़. मराठीत आपण घसा फक्त ह म्हणायला वापरतो, बाकीचा आवंढे गिळायला. अरबीने तिथे सहा अक्षरं वसवली आहेत.

सोलापूरच्या मुलाची पहिली झटापट मात्र घशाच्या उंबऱ्याशी होते, क़ाफ़पाशी. दखनीने हा क़ कधीच सोडून दिला आहे आणि त्याच्या जागी ख़ आणला आहे. वक़्तचा वख़त, क़ाज़ीचा ख़ाज़ी, आणि म्हणून क़ुरआनचा खुरान. मराठी खेड्यांत 'वखत' म्हणतात तो याच कुळातला. हैदराबादेपासून गुलबर्गा-सोलापूरपर्यंत ही सवय इतकी मुरलेली, की क़ब्र आणि ख़बर ऐकायला जवळजवळ एक होतात आणि त्यावर उत्तरेकडच्या उर्दूवाल्यांनी भरपूर हसून घेतलं आहे. वर्गात मग उस्ताद म्हणणार, 'खाफ नक्को बोलो बेटा, क़ाफ़ बोलो.' मजा अशी की दुरुस्तीतलं 'नक्को'सुद्धा अस्सल दखनी.

क, क़ आणि ख़ ही एकाच गल्लीतली लागून असलेली घरं. क म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागतो. क़साठी त्याहून मागे, थेट पडजिभेपाशी जाऊन पूर्ण दार लावायचं. ख़मध्ये दार लावायचंच नाही, किलकिलं ठेवून हवा घासत बाहेर काढायची. तफावत इतकी बारीक, आणि परिणाम? 'क़ल्ब' म्हणजे हृदय, 'कल्ब' म्हणजे कुत्रा. 'क़ुल' म्हणजे सांग, 'कुल' म्हणजे खा. अर्थाचं असं मातेरं करणाऱ्या चुकीला लहन-ए-जली म्हणतात, उघड चूक. अर्थ शाबूत राहिला पण पठणाची डौलदार वीण उसवली, तर ती लहन-ए-ख़फ़ी, लपलेली चूक. पहिली कुणालाही कळते, दुसरी कळायला कान तयार व्हावा लागतो.

शहरातल्या पानगल हायस्कुलासारख्या उर्दू शाळेत जाणाऱ्या मुलापुढे आणखी एक गूढ उकलतं. उर्दूच्या लिपीत ज़साठी चार अक्षरं आहेत: ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय. ससाठी तीन, तसाठी दोन, हसाठी दोन. उर्दूने अक्षरं अरबीतून जशीच्या तशी घेतली, त्यामागचे ध्वनी मात्र घेतले नाहीत. त्यामुळे इमला, म्हणजे श्रुतलेखन, लिहिताना चारांपैकी कुठला ज़ हे नुसतं पाठ करावं लागतं. तजवीदच्या वर्गात या चारांना एकदम चार तोंडं फुटतात. ज़े ही दातांमागची शीळ. ज़ालला जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला हलकंच टेकवायचं, शीळ अजिबात नको. ज़ोयची जागा तीच, पण जिभेचा मागचा भाग वर उचललेला, म्हणून आवाज जाडा आणि भरलेला. आजवर मुलाला जी लिहिण्यातली कटकट वाटत होती, ती कधीकाळी तोंडातली खरीखुरी वेगळी जागा होती, हे त्याला आपल्याच जिभेवर सापडतं. मराठी मुलाला 'जगणं' आणि 'जेवण' यांतले दोन ज ओळखता येतात, पण त्यासाठी अक्षर एकच. उर्दू मुलाची गत नेमकी उलट.

ही जाड-पातळची बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अरबीत सात अक्षरं कायमची जाड आहेत. ती म्हणताना जिभेचं मूळ मागे घशाकडे सरकतं. क्ष-किरणांत आणि एमआरआयमध्ये हे आता डोळ्यांनी दिसतं, उस्तादांना ते कानांनी दिसत होतं. लाम एरवी पातळ, पण 'अल्लाह' या शब्दातला लाम आधीच्या स्वरावर अवलंबून राहतो. 'अल्लाहु अकबर' म्हणताना तो भरदार होतो. 'बिस्मिल्लाह'मध्ये आधी इ आली, की तोच लाम पातळ होऊन जिभेच्या टोकावर येतो. पुढची अज़ान ऐकताना लक्ष द्या, तो भरलेला लाम स्पष्ट कळेल.

आता ज़्वाद. याच्याविषयी लिहायला मी मघापासून टपून बसलो आहे.

अरबांनी आपल्या भाषेला मोठ्या अभिमानाने 'ज़्वादची भाषा' म्हटलं, कारण हे अक्षर दुसऱ्या कुणाला जमत नाही अशी त्यांची खात्री. मराठीत या अक्षराचे शब्द ढिगाने आहेत. हजर, अर्ज, मर्जी, जामीन, काजी आणि खुद्द जिल्हा. सगळीकडे ज, कारण ते फारसीच्या दारातून आले आणि फारसीने ज़ केला होता. अपवाद हौद. तोही त्याच अक्षराचा शब्द, उर्दूत हौज़, पण मराठीच्या पदरी द आला. दरवर्षी चंद्र दिसायच्या सुमारास 'रमजान' बरोबर की 'रमदान' असा जो वाद झडतो, त्याच्या मुळाशी हेच अक्षर आहे. आज अरब जगातले बहुतेक कारी, म्हणजे पठण करणारे, त्याचा उच्चार जाड द सारखा करतात.

पण सीबवैहने बाराशे वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलं ते ना ज़ आहे, ना द. जिभेची कड वरच्या दाढांना लावायची आणि आवाज बाजूने काढायचा. म्हणजे लच्या चालीचा काहीतरी. आणि त्याला साक्षीदार मिळतो तो थेट स्पेनमध्ये. मध्ययुगात स्पेनवर अरबी सत्ता होती, त्या काळात 'अल-क़ाज़ी' हा शब्द स्पॅनिशमध्ये गेला आणि झाला 'आल्काल्दे'. आज त्याचा अर्थ नगराध्यक्ष. त्या शब्दातला दुसरा ल आला कुठून? ऐकणाऱ्याच्या कानाला ज़्वादमध्ये ल आणि द दोन्ही ऐकू आले म्हणून. सोलापूरचा काजी आणि स्पेनमधला आल्काल्दे ही एकाच अक्षराची दोन ऐकिवं आहेत, एक इराणच्या कानाने ऐकलेलं, दुसरं स्पेनच्या.

तजवीदच्या पुस्तकांत आजही ज़्वादची जागा जिभेची कड आणि दाढा अशीच शिकवतात. पोरं बोटाने गाल ढकलून जीभ कुठे आहे ते चाचपतात. हिंदुस्थानात ज़्वाद ज़कडे झुकवायचा की दकडे, यावर एकोणिसाव्या शतकापासून फतवे आणि पुस्तिका निघाल्या, वाद घालणाऱ्यांनी एकमेकांचे नमाज शंकेत टाकले. मला यात अडाणीपणा दिसत नाही. ध्वनी कागदावर उतरत नाही, तो तोंडातून तोंडातच जातो, आणि ज्या अक्षरावर सगळ्यांत जास्त पहारा होता तेच वाटेत थोडं हललं, हे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मनातून कळलेलं असावं.

इथून पुढे अक्षरांच्या शेजारधर्माचे नियम लागतात, आणि त्यातला सगळ्यांत सुंदर भाग नून साकिनचा, म्हणजे स्वर नसलेल्या न् चा. पुढे कोणतं अक्षर येतं त्यावर न् चं काय होईल हे ठरतं. चार प्रकार आहेत. मुलं त्यांची नावं धडाधड म्हणतात: इज़हार, इदग़ाम, इक़लाब, इख़फ़ा. नावं घाबरवतात, पण मराठी माणूस हे चारही प्रकार कळत-नकळत रोज करतो.

इक़लाब घ्या. न् च्या पुढे ब आला की न् चा म् होतो. मशिदीत ज्यावर उभं राहून खुतबा देतात तो मिंबर. अरबीत लिहिताना तिथे नून आहे, मिनबर, पण म्हणताना म्. नबीचं अनेकवचन लिहितात अनबिया, म्हणतात अंबिया. आणि आपण 'लांब', 'कोळंबी' म्हणताना ओठ मिटत नाही का? अनुस्वार एकच, पण 'अंक'मध्ये तो घशाजवळ, 'मंच'मध्ये टाळूला, 'अंत'मध्ये दातांत आणि 'अंबाडी'त ओठांवर. आपल्या व्याकरणात याला परसवर्ण म्हणतात.

इदग़ाम म्हणजे विरघळणं. शब्दाच्या शेवटी न् आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला य किंवा व आला, तर न् त्या अक्षरात मुरतो आणि फक्त नाकातला सूर मागे राहतो. 'संवाद' हा शब्द नीट म्हणा. तिथे न् नाही, म् ही नाही. आधी नाकातला एक व् येतो, मग दुसरा व. 'संयम'मध्ये तसाच नाकातला य्. कुराणातला हा इदग़ाम आणि आपला 'संवाद' एकाच साच्यातले आहेत. पुढे ल किंवा र आला, तर नाकातला सूरही राहत नाही, न् पूर्ण नाहीसा होऊन ल किंवा र दुप्पट होतो. तत् आणि लीन यांचं 'तल्लीन' होतं ना, ती चाल.

इख़फ़ा म्हणजे लपवणं. 15 अक्षरांपुढे न् म्हणायचा पण जीभ टेकवायची नाही, नाकात घोळवून पुढे जायचं, 'संस्कार'मध्ये जातो तसं. आणि इज़हार म्हणजे स्वच्छ न्. तो घशातल्या सहा अक्षरांपुढे. कारण सरळ आहे. न् ची जागा जिभेच्या टोकाशी, ती सहा अक्षरं खाली घशात. इतक्या लांबून एकमेकांना ओढायची सोयच नाही.

फरक इतकाच की आपण अनुस्वार मोजत नाही. तजवीदमध्ये नाकातला सूर, ग़ुन्ना, दोन हरकतींइतका टिकायला हवा. हरकत म्हणजे बोट मिटायला किंवा उघडायला लागतो तेवढा वेळ, त्यामुळे शिकणारी मुलं बोटं मिटत पढतात. लांब स्वर, म्हणजे मद, साधा असेल तर दोन हरकती. पुढे हमज़ा आला तर चार-पाच. काही ठिकाणी पुऱ्या सहा, जशा फ़ातिहा या पहिल्या सूरेच्या शेवटच्या शब्दात. जमातीच्या नमाजात तो शब्द लांबत जातो आणि मग आमीन येतं, हे मशिदीजवळ राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आपल्याकडे ह्रस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन, प्लुताला तीन. पाणिनीने हे सांगायला उ हाच स्वर निवडला, आणि त्याचं कारण परंपरा कोंबड्याच्या आरवण्यात शोधते. मात्रा मोजायला एकाकडे कोंबडा, एकाकडे बोट.

क़लक़ला हा लहानांचा लाडका नियम. पाच अक्षरं अशी आहेत की स्वराविना आली तर आवाज आणि श्वास दोन्ही कोंडतात, म्हणून त्यांना बारीकसा उसळता धक्का देऊन सोडायचं. बेट्टे अर्थातच तो धक्का गरजेपेक्षा जोरात देतात. या पाचांत क़ाफ़ आणि तोय, म्हणजे जाड त, आहेत. जुन्या वैयाकरणांनी त्यांना घोष धरलं, पण आज ते अघोष ऐकू येतात, आणि असं का यावर भाषाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

नियम झाले. आता नियमांतल्या विरळ जागा पाहा. भारतात जे पठण चालतं त्यात सबंध कुराणात ए हा स्वर एकदाच येतो, हूद सूरेत, 'मजरेहा' या शब्दात. एकदाच! तो शब्द जवळ आला की वर्गात चुळबुळ होते. चार जागा अशा, की तिथे आवाज थांबवायचा पण श्वास घ्यायचा नाही. त्याला सकता म्हणतात. आणि यूसुफ सूरेतल्या एका शब्दात तर कमालच आहे. तिथे न् चा सूर चालू असताना ओठांचा चंबू करायचा, उ म्हणायला करतो तसा, पण उ म्हणायचा नाही. आवाजात काही फरक पडत नाही. हा नियम ऐकूच येत नाही, तो फक्त समोर बसलेल्याला दिसतो. व्याकरणाच्या आड गेलेला एक उ तिथे होता, त्याची खूण ओठांनी ठेवली. ध्वनिमुद्रणातून ही गोष्ट कधीच शिकता येणार नाही.

ओठांकडे बघून लिहिणं तर या परंपरेच्या मुळातच आहे. सुरुवातीच्या अरबी लिपीत ह्रस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या. सातव्या शतकात अबुल अस्वद अद-दुअली या पंडिताने लेखनिकाला समोर बसवलं आणि सांगितलं, असं म्हणतात, की मी तोंड उघडलं की अक्षराच्या वर ठिपका दे, खाली ओढलं की खाली दे, ओठ जुळवले की बाजूला दे. म्हणून त्या स्वरांची अरबी नावं आजही उघडणं, मोडणं आणि जुळवणं या अर्थांची आहेत. आपल्याकडची मुलं त्यांना फारसी नावांनी ज़बर, ज़ेर, पेश म्हणतात. पुढे त्या ठिपक्यांच्या जागी आजच्या बारीक खुणा आणल्या त्याही खलीलनेच. हा माणूस कुठे नव्हता?

सोलापूरच्या मकतबांत मुलाच्या हाती पहिल्यांदा जे पातळसं पुस्तक पडतं, ते बहुधा नूरानी कायदा. लुधियानाच्या मौलाना नूर मुहम्मद यांनी तो रचला. त्यात अक्षरांची नावंसुद्धा उर्दूसारखी बे, ते नाहीत, बा, ता अशी अरबी आहेत. पंजाबात बसून अरबी न येणाऱ्या मुलांसाठी केलेला हा कायदा पुढे खुद्द सौदी अरेबियात शिकवला जाऊ लागला. ज्यांची ती मातृभाषा, त्यांनीही तो उचलला. पुढची पायरी म्हणजे मदरशांतली छोटी उर्दू पुस्तकं, अशरफ अली थानवींचं 'जमालुल कुरआन' किंवा कारी अब्दुर्रहमान मक्कींचं 'फ़वाइद-ए-मक्किया'. मुली पुष्कळदा गल्लीतल्या आपांकडे, म्हणजे शिक्षिकेकडे, शिकतात. या वाटेवर फार पुढे जाणारे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या मोठ्या जामियात जातात, तिथे देशभरच्या पठण स्पर्धा होतात.

पुस्तक मात्र निमित्त. तजवीद घ्यायची ती समोरासमोर, उस्तादांच्या तोंडाकडे पाहून. त्यांनीही ती अशीच घेतलेली. पुढचं शिक्षण पुरं करणाऱ्याला सनद मिळते, तिच्यात ही गुरुपरंपरा नावानिशी थेट पैगंबरांपर्यंत मागे नेलेली असते. 1961 मध्ये मिसरच्या महमूद खलील अल-हुसरी यांचं संपूर्ण कुराणाचं संथ पठण ध्वनिमुद्रित झालं, नंतर कॅसेटी आल्या, आता मोबाईल आहे. कानाला त्याने फार मदत होते, पण जीभ नेमकी कुठे घसरली हे मोबाईल सांगत नाही. ज्यांची जीभ काही केल्या वळत नाही, त्यांच्यासाठी एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. अस्खलित पढणाऱ्याचा दर्जा मोठा खराच, पण अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला पुण्य दुप्पट मिळतं. चाळिशीनंतर कायदा पुन्हा उघडणारी माणसं या हदीसवर विसंबून असतात.

सगळी कसोटी लागते ती रमजानमध्ये. तरावीहच्या नमाजात हाफ़िज, म्हणजे सबंध कुराण पाठ असलेला, कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी रोज रात्री साधारण सव्वा पारा म्हणत जातो, म्हणजे सत्ताविसाव्या रात्रीच्या आत तीसही पारे होतात. चाल जलद असते, तिला हद्र म्हणतात. जलद म्हणजे बेफिकीर नव्हे. ग़ुन्ना आणि मद आखडतात, पण नाहीसे होत नाहीत. काही जण इतके पळतात की शब्दांची शेपटंच तेवढी ऐकू येतात, आणि त्याबद्दल जाणते लोक दरवर्षी कुरकुरतात. मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफ़िज उभा असतो, सामे, म्हणजे ऐकणारा. पुढचा चुकला, अडला, की तो नमाज चालू असतानाच बरोबर शब्द मोठ्याने म्हणतो. याला लुक़मा देणं म्हणतात. लुक़मा म्हणजे घास. बाहेर विजापूर वेशीतला मीना बाजार उजळलेला असतो आणि आत शेकडो माणसांसमोर एकाची चूक दुसरा उघडपणे दुरुस्त करतो. कुणाला त्यात अपमान वाटत नाही, पुढचा तो शब्द घेतो आणि चालू लागतो.

एवढं सगळं झालं तरी हे एकाच पठणाचे नियम. कूफ़ा शहरातल्या आसिम यांचं पठण त्यांचे शिष्य हफ़्स (मृत्यू 796) यांच्याकडून आलं. भारत, तुर्कस्तान आणि अरब जगाचा मोठा भाग तेच वापरतो. अशी मान्यताप्राप्त पठणं एकूण दहा, प्रत्येकाच्या दोन शाखा. मोरोक्कोत वर्श या पठणकाराच्या शाखेचं पठण चालतं, तिथे ए सारखा तो स्वर वारंवार येतो आणि हमज़ा कित्येक ठिकाणी गळतो. फ़ातिहातल्या एका शब्दात सोलापूरचं मूल 'मालिक' म्हणतं, धनी. मोरोक्कोतल्या फेजमधलं मूल त्याच जागी 'मलिक' म्हणतं, राजा. पुरातन लिपीत दोन्ही एकसारखे लिहिले जातात. दोघांचे उस्ताद म्हणतात, बरोबर आहे.